अंगणातल्या पंगतीचे गोड





आश्विन महिना लागला की आपल्या वस्त्यांमधून लगबग सुरू होते. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेल्या वर्षावासाची आश्विन पौर्णिमेला सांगता असते. तीन महिने संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झालेले असते, आणि शेवटच्या दिवशी सगळी वस्ती एकत्र जेवते. त्याच सुमारास अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनही असतो. पाऊस ओसरलेला असतो, अंगणे वाळलेली असतात. विहार लहान आणि माणसे जास्त, म्हणून मांडव बाहेरच पडतो. भाजी काय, भात किती, हे दहा मिनिटांत ठरते. मग कुणीतरी विचारते, “आणि गोड काय करायचं?” आणि मीटिंग रात्री अकरापर्यंत लांबते.

मी पडले कारकून बाई. दिवसभर कचेरीत आवक-जावक आणि बिले, आणि संध्याकाळी महिला मंडळाचा जमाखर्च. बी.कॉम. झाले तेव्हा वाटले नव्हते की हे शिक्षण खिरीच्या पातेल्यापाशी कामाला येईल. पण पन्नास माणसांचे गोड हा स्वयंपाकाइतकाच हिशोबाचाही विषय आहे. तो हिशोब मी एकदा चुकवला. ती चूक आधी सांगते, कृती नंतर लिहिते.

वर्षावास संपताना भिक्खू संघात पवारणा होते, हे आपण जाणता. माझा काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल तर मला सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. आपण उपासक-उपासिका भिक्खू नव्हे, पण या दिवसात आपलाही एखादा दोष उघड करायला हरकत नसावी.

२०१३ सालची गोष्ट. मंडळाची खजिनदार म्हणून मी ठरवले की यंदा तांदळाची खीर करायची. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली, त्यामुळे खिरीशी आपले मन जोडलेले आहे. आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या हाताला चव फार. त्यांनी पहाटे चारला चूल पेटवली. सहा-साडेसहाला दहा लिटर दुधाची दाट खीर तयार झाली. ती मोठ्या पिंपात ओतली, वर घट्ट झाकण लावले आणि पिंप मांडवाच्या कडेला ठेवले. भन्तेजींचे भोजनदान बारा वाजण्याच्या आत व्हायचे असते, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या घरून ताजे जेवण आले. त्यानंतर सभा सुरू झाली. वक्ते पाच होते, आणि प्रत्येकाने “मी फक्त दोनच शब्द बोलतो” असे सांगून अर्धा तास घेतला. पंगत बसली अडीचला. वाढण्यापूर्वी खीर पुन्हा गरम केली. वास चांगला होता, चवही चांगली होती.

संध्याकाळपर्यंत चौदा मुलांना उलट्या सुरू झाल्या. तिघांना दवाखान्यात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सगळी मुले घरी खेळत होती, एवढे बरे. आधी आम्ही दूधवाल्याला दोष दिला, मग मावशींना. कुणी म्हणाले, हात धुतले नसतील. कुणी म्हणाले, पातेले कळकले असेल. मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले.

खरे कारण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. तांदळात काही जंतूंची बीजे असतात. ती उकळूनही मरत नाहीत. शिजलेला भात किंवा खीर कोमट अवस्थेत तासन् तास राहिली की ती बीजे जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो. आणि मुख्य म्हणजे, एकदा विष तयार झाले की पुन्हा उकळूनही ते जात नाही. “पुन्हा उकळी आणली की शुद्ध झाले” हा आपल्या घराघरातला समज इथे उपयोगी पडत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात झाकण लावलेले मोठे पिंप आतून लवकर निवत नाही. कोमट राहून राहून ते त्या जंतूंचे घर होते.

म्हणजे दोष मावशींच्या हाताचा नव्हता. दोष होता वेळेचा, आणि वेळ ठरवली होती मी. साडेसहाची खीर अडीचला, म्हणजे आठ तासांनी वाढायची, हे गणित मी केलेच नव्हते.

मावशींनी विहारात येणे सोडले. दोन वर्षे त्या आल्या नाहीत. २०१५ च्या आश्विन पौर्णिमेआधी मी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, “मावशी, चूक माझी होती. मी चारचौघांत बोलले नाही, हीसुद्धा माझीच चूक.” त्यांनी चहा ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाई, खिरीचं मी विसरले. पण तीन महिने मी ग्रंथ ऐकला, आणि शेवटच्या दिवशी काय वाचलं ते मला कुणी सांगितलंच नाही. मी चुलीपाशी होते.”

ते ऐकून मी खाली मान घातली. दरवर्षी शेवटच्या दिवशी आठ-दहा बाया मांडवाच्या मागे असतात. पुढे समतेवर भाषण चालू असते आणि मागे त्या धुरात डोळे पुसत असतात. भांडी घासून होतात तेव्हा सतरंज्या गुंडाळलेल्या असतात. आणि आपण त्यांचे आभार मानतो, तेही त्यांच्या माघारी.

त्या वर्षीपासून आमच्या मंडळाने गोड पदार्थ निवडायला तीन कसोट्या ठेवल्या. पहिली, उघड्यावर चार तास राहिला तरी तो बिघडता कामा नये. आणि जो बिघडू शकतो तो शिजल्यावर दोन तासांच्या आत संपला पाहिजे. दुसरी, तो करणारी बाई सभेत बसू शकली पाहिजे. तिसरी, त्याच्या वर्गणीपायी कुणाला घरी बसावे लागू नये. या कसोट्यांना उतरलेले पदार्थ खाली देते. भाव गावोगाव वेगळे, म्हणून रुपये लिहीत नाही, वजने लिहिते. माप पन्नास माणसांचे आहे, जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

शेंगदाण्याचे लाडू

आमच्याकडे पहिला मान याला. एक किलो शेंगदाणे, सहाशे ग्रॅम मऊ गूळ, शंभर ग्रॅम तीळ, थोडी वेलची. शेंगदाणे मंद आचेवर भाजावेत. घाई केली की बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. निवल्यावर चोळून सुपात पाखडावेत. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत, एकसारखे फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. गूळ किसून घालावा, भाजलेले तीळ आणि वेलची घालून पुन्हा एकदा फिरवावे. साधारण तीस ग्रॅमचा एक, असे पन्नास लाडू सहज होतात. पाक नाही, तूप नाही, पाणी नाही. पाण्याचा अंश नसल्यामुळे कोरड्या डब्यात ते आठ दिवसही चांगले राहतात. मात्र बांधणाऱ्यांचे हात आणि डबा दोन्ही कोरडे हवेत.

हे काम दोन दिवस आधी होते, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी चूल लागत नाही. आणि वर्गणीचा प्रश्नही सुटतो. आम्ही पैशांऐवजी शेंगदाणे गोळा करतो. कुणी किलो देते, कुणी ओंजळभर. सगळे एकाच पोत्यात पडते. लाडू बांधल्यावर कुठला दाणा कुणाच्या घरचा, हे कुणाला ओळखता येत नाही.

मलिदा

ज्या वस्तीत मोठी भांडी नाहीत तिथे हा करावा. प्रत्येक घराने सकाळी दोन पोळ्या जास्त लाटायच्या. वीस पोळ्या, अर्धा किलो किसलेला गूळ, दोनशे ग्रॅम साजूक तूप. पोळ्या निवल्यावर हाताने बारीक कुस्कराव्यात, गूळ आणि पातळ केलेले तूप घालून चोळावे. खसखस किंवा सुके खोबरे असल्यास भाजून घालावे. एवढ्यात तीस जणांना वाटीभर मिळतो. पन्नास माणसे असतील तर पस्तीस पोळ्या धराव्यात. आमच्या आईच्या वेळी मलिदा शिळ्या भाकरीचाही होत असे. ती गरज होती, आता आवड आहे. पण पंगतीला मात्र पोळ्या त्याच दिवशीच्या घ्याव्यात.

गव्हाची लापशी

गरम गोड हवेच, असा आग्रह असेल तर खिरीपेक्षा लापशी बरी. हिच्यात दूध नाही, त्यामुळे फाटण्याची भीती नाही. एक किलो जाडसर दलिया, एक किलो गूळ, पाव किलो तूप, साडेतीन लिटर पाणी, एक ओला नारळ, वेलची, चिमूटभर मीठ. दलिया तुपावर तांबूस भाजावा. उकळते पाणी ओतून झाकण ठेवून मऊ शिजवावा. गूळ अगदी शेवटी घालावा. दलिया पूर्ण शिजण्याआधी गूळ पडला तर दाणा आखडतो आणि मग कितीही शिजवले तरी तो मऊ होत नाही. ही चूक मी दोनदा केली आहे. शेवटी ओला नारळ खवून घालावा आणि एक वाफ द्यावी. माणशी शंभर ग्रॅम धरून पन्नास जणांना पुरते आणि एखादा पाहुणा आला तरी कमी पडत नाही.

लापशी वाढण्याच्या वेळेपासून मागे मोजून शिजवावी. बाराला वाढायची असेल तर साडेदहाला पातेले चढवावे, पहाटे नव्हे. ओला नारळ घातलेला पदार्थ उन्हात टिकत नाही, म्हणून दोन तासांत संपवावा.

रव्याचा शिरा

एक किलो रवा, एक किलो साखर, सहाशे ग्रॅम तूप, पावणेतीन लिटर पाणी. रवा आदल्या दिवशी कोरडा भाजून डब्यात भरून ठेवावा. निम्मे काम तिथेच होते. कार्यक्रमाच्या दिवशी एका बाजूला पाणी उकळत ठेवायचे, दुसऱ्या बाजूला तुपावर रवा पुन्हा गरम करायचा. त्यावर उकळते पाणी बेताने ओतून ढवळायचे, पाणी आटले की साखर आणि वेलची घालून वाफ द्यायची. अर्ध्या तासात पन्नास जणांचा शिरा तयार होतो. मोठ्या कढईत ढवळायला ताकद लागते, म्हणून हे काम आम्ही पुरुषांकडे दिले आहे. पहिल्या वर्षी गुठळ्या झाल्या, दुसऱ्या वर्षी कमी झाल्या. आता आमचे एक निवृत्त कंडक्टर दादा असा शिरा करतात की बाया त्यांना प्रमाण विचारतात.

गुळातली रताळी

नवरात्राच्या सुमारास बाजारात रताळी भरपूर येतात. पाच किलो रताळी स्वच्छ धुऊन वाफवावीत, साले काढून बोटभर जाडीच्या चकत्या कराव्यात. पसरट पातेल्यात शंभर ग्रॅम तूप, सव्वा किलो गूळ आणि दोन फुलपात्री पाणी घालून गूळ विरघळू द्यावा. त्यात चकत्या सोडून रस दाटेपर्यंत हलक्या हाताने खालीवर कराव्यात. एवढेही करायचे नसेल तर संध्याकाळच्या कार्यक्रमाला रताळी निखाऱ्यात भाजून द्यावीत. मुलांना याच्याइतके काही आवडत नाही.

आणि खीर?

खीर करूच नये, असे माझे म्हणणे नाही. करावी, पण नियमाने. सात लिटर दूध, अर्धा किलो तांदूळ, एक किलो साखर, एवढ्यात पन्नास जणांना वाटीभर होते. ती जेवणाच्या वेळेला तयार होईल अशीच चढवावी. वाढून होईपर्यंत मंद आचेवर, हाताला चटका बसेल इतकी गरम ठेवावी. उतरवली की लगेच वाढावी. सभा लांबली तर सभा थांबवावी, खीर थांबवू नये. उरलेली खीर “घरी न्या, संध्याकाळी खा” म्हणून वाटू नये. जीव तुटतो हे मला कळते, पण मुलांच्या पोटापेक्षा दूध महाग नाही. गूळ घालायचा असेल तर पातेले उतरवून खीर किंचित निवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते.

त्याच पौर्णिमेच्या रात्री पुष्कळ ठिकाणी गच्चीवर मसाला दूध करतात. आपल्याकडेही तरुण मंडळी करतात. करावे, पण चांदण्यात उघडे ठेवलेल्या दुधात औषधी गुण उतरतो, या सांगण्यावर विसंबू नये. उघड्या दुधात उतरतात त्या मुंग्या आणि चिलटे. दूध झाकावे, उकळावे आणि गरम असतानाच प्यावे. चांदणे नुसते पाहायलाही छान असते.

आता दोन-तीन गोष्टी थोडक्यात. चूल किंवा शेगडी मांडवाच्या कापडापासून लांब ठेवावी आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली असावी. पिण्याचे पाणी झाकून, ओगराळ्याने द्यावे. वाढणाऱ्यांसाठी हात धुवायला साबण मांडवातच ठेवावा. आपल्यात मधुमेह असलेली माणसे आता घरटी आहेत. गूळ चालतो आणि साखर चालत नाही, हा गैरसमज आहे. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. म्हणून लाडू लहान बांधावेत, म्हणजे कुणाला अर्धाच घ्यायचा असेल तर संकोच वाटत नाही.

आमचे वेळापत्रक असे असते. दोन दिवस आधी संध्याकाळी लाडू. शेंगदाणे भाजायला पुरुष, पाखडायला ज्यांना येते त्या बाया, बांधायला मुले. आदल्या रात्री भांडी घासून पालथी घालणे आणि रवा भाजणे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी भन्तेजींचे भोजनदान बाराच्या आत, आणि साऱ्या वस्तीची पंगत लगेच त्यामागून. सभा आणि वाचन जेवणानंतर. वक्त्यांना आधीच सांगितलेले असते की प्रत्येकाला दहा मिनिटे. पोट भरलेले लोक नीट ऐकतात, आणि मांडवाच्या मागे कुणी अडकून पडलेले नसते. भांडी सभा संपल्यावर सगळे मिळून घासतात. ज्यांनी भाषण केले तेही घासतात. सुरुवातीला एक-दोघे पाहुणे दचकले, आता स्वतःहून बाह्या सावरतात.

यातला हिशोबही सांगते, कारण त्याशिवाय माझे लिखाण पुरे होत नाही. लाडूंच्या वर्षी आमचा गोडाचा खर्च खिरीच्या वर्षापेक्षा कमी झाला. गूळ तेवढा विकत आणावा लागला. उरलेल्या पैशांत वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी दोन शब्दकोश घेतले. पावती फळ्यावर लावली आहे, कुणीही येऊन पाहावी.

आणि मावशी? २०१५ साली त्या आल्या, पण अगदी मागे बसल्या. पुढच्या वर्षी लाडू बांधायला आल्या आणि मुलांना मूठ कशी दाबायची ते शिकवले. त्यानंतरच्या वर्षी सांगतेच्या दिवशी ग्रंथातले शेवटचे पान त्यांनी वाचले. प्रौढ वर्गात शिकलेले वाचन, शब्द सावकाश येत होते, मधे एकदा थांबल्याही. कुणी पुढचा शब्द सुचवला नाही. त्यांनी तो स्वतः जुळवला आणि वाचला. मग सगळ्यांना एकेक लाडू दिला.

तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, यंदा “गोड काय करायचं?” असा प्रश्न निघाला की आधी एवढेच विचारा, करणार कोण आणि ती सभेत कुठे बसणार? या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले की गोड आपोआप सुचते.

आपल्या वस्तीत आणखी काही सोपे, टिकाऊ पदार्थ होत असतील तर अवश्य कळवा. वर्षावास समाप्तीच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!